सील-शिकारीतलं सरकारी अनुदान मोजायचं कसं? (मदत हवी आहे)

मंडळी, एम.ए.च्या सेमिनारला कॅनडातली व्यावसायिक सील-शिकार हा विषय घेतलाय. (शिकार योग्य की अयोग्य हा वाद कृपया इथे नको. पांढऱ्या पिल्लांच्या व्यावसायिक शिकारीवर कॅनडाने १९८७ सालीच बंदी घातली आहे. तो वाद पेटला की माझा प्रश्न तिसऱ्या पानावर जाईल.)

न्यूफाउंडलंड या कॅनडाच्या पूर्वेकडच्या प्रांतातले मच्छीमार खेकड्याचा हंगाम भरात येण्याआधी सीलसाठी बर्फात बोटी घालतात. २००६ मध्ये चांगल्या कातड्याला शंभर डॉलरच्या वर भाव होता, साडेतीन लाखांच्या आसपास सील मारले गेले. २००९ मध्ये भाव पंधरा डॉलरवर आला. त्यात डिझेल तरी सुटणार का? त्याच वर्षी युरोपीय संघाने सीलच्या मालावर बंदी मंजूर केली (इन्यूइटांना, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांना, सूट), २०११ च्या अखेरीस रशियानेही दार लावलं. कॅनडाचा शिकारीचा कोटा मात्र चार लाख!

अडलंय ते पुढे. २०१२ मध्ये प्रांतिक सरकारने कॅरिनो या कातडी कमावणाऱ्या कंपनीला माल खरेदीसाठी ३६ लाख डॉलर कर्ज दिलं. ते फिटलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच दिलं. प्राणीहक्कवाले याला सरळ अनुदान म्हणतात, सरकार म्हणतं पैसे परत आले. नॉर्वेचं बरं, तिथे अनुदान उघडउघड अर्थसंकल्पात होतं आणि २०१५ च्या अर्थसंकल्पातून काढलंही. कॅनडापुढे शून्य लिहू की ३६ लाख? आणि शिकारीच्या बोटींना वाट करून देणाऱ्या तटरक्षक दलाच्या बर्फफोड्या जहाजांचा खर्च? सेमिनार पुढच्याच आठवड्यात आहे, जाणकारांनी प्लीज सांगा.

जुना_हिशेबनीस: दोन्ही चूक. बँकेने याच कर्जाला किती व्याज लावलं असतं ते बघ. त्यातून सरकारने घेतलेलं व्याज वजा कर, उरेल ते अनुदान. आपल्याकडे साखर कारखान्याला थकहमी मिळते, कर्ज फिटलं म्हणून ती फुकट होती का? जहाजं एरवीही फेरीबोटींना वाट करून देतात. शिकारीसाठी जास्तीचं जेवढं फिरली तेवढंच धर.

खारेवारे: कॅरिनोची मालकी तेव्हा नॉर्वेच्या कंपनीकडे होती. म्हणून लाभ सगळा तिकडे गेला असं लिहू नकोस, मच्छीमाराच्या हातात कातड्यामागे काय पडलं ते आधी शोध.

धागाकर्ता: धन्यवाद! पण बाजार बंद असताना बँक दारात उभीच करणार नाही. मग व्याजदर आणू कुठून?

जुना_हिशेबनीस: कर्ज बुडण्याची शक्यता दोन-तीन वेगवेगळी धर, प्रत्येकीवरून व्याज काढ आणि अनुदानाचा खालचा-वरचा आकडा दे. एकच आकडा छातीठोक लिहिलास तर पहिल्याच प्रश्नाला अडकशील.