आठवीनंतर गावची प्रशाला की तालुक्याची शाळा? मराठवाड्यातील पालक आणि विद्यार्थ्यांनी अनुभव लिहावेत

माझी मुलगी हिंगोली जिल्ह्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्रशालेत आठवीला आहे. जूनमध्ये ती नववीत जाईल. गेले दोन महिने आमच्या घरात एकच चर्चा चालू आहे, ती म्हणजे तिला इथेच ठेवावे की तालुक्याच्या अनुदानित शाळेत घालावे. गावात ज्याला विचारावे तो ठाम मत देतो, परंतु त्यातील अनेकांची मुले या शाळेत कधी शिकलेलीच नाहीत. म्हणून ज्यांनी स्वतः अशा प्रशालेत शिक्षण घेतले आहे किंवा ज्यांची मुले तिथे शिकली आहेत, त्यांनी आपला अनुभव लिहावा, अशी विनंती आहे.

प्रश्न नववीचाच का, हेही सांगते. आठवीपर्यंत शाळेत दुपारची खिचडी मिळते, पाठ्यपुस्तके मिळतात, गणवेश मिळतो आणि शिक्षण हक्क कायद्याचे छत्र डोक्यावर असते. नववीला हे सर्व एकाच जूनमध्ये संपते आणि नेमक्या त्याच वर्षी गणित व विज्ञान अवघड होते. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्या घरात मुलीचे शिक्षण थांबवायचा विचार पहिल्यांदा इथेच डोके वर काढतो.

पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा करते. तुमच्याकडे खेड्यातील हायस्कूल बहुधा एखाद्या शिक्षणसंस्थेचे असते. आमच्याकडे निजामाच्या राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी शाळा स्वतःच्या बळावर चालवणे ही एक लढाईच होती. १९४८ नंतर जी सरकारी हायस्कुले निघाली, त्यांपैकी बरीच १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्यांच्याकडे आली. त्यामुळे ‘प्रशाला’ हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीपासून घरातला आहे आणि तिच्याविषयीची काळजीही तितकीच घरातली आहे.

कृपया शाळेचे आणि शिक्षकांचे नाव लिहू नये. जिल्हा व साल लिहिले तरी पुरे.

पालक, जालना जिल्हा

माझी मुलगी मार्च २०२४ मध्ये आमच्या प्रशालेतून दहावी झाली. २०२२ च्या जूनमध्ये, म्हणजे ती नववीत गेली तेव्हाच, गणिताच्या सरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणीही आले नाही. दिवाळीपर्यंत मराठीच्या मॅडम गणिताच्या तासाला वर्गावर बसत आणि मुलांकडून मार्गदर्शकातील सोडवलेली उदाहरणे वहीत उतरवून घेत. त्यांचा दोष नव्हता, त्या स्वतःच पालकांजवळ हे बोलून दाखवत आणि त्यांना त्याचा त्रास होत असे. आम्ही सहा पालक पंचायत समितीत गेलो. माध्यमिकच्या जागा जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडून भरल्या जातात, असे तिथे कळले. मग मजुरी बुडवून दोनदा जालन्याला गेलो. भरती पवित्र पोर्टलमार्फत होईल तेव्हा शिक्षक मिळेल, असे उत्तर मिळाले. ते नियमाला धरून असेलही, परंतु नववीचे वर्ष कोणासाठी थांबत नाही.

शेवटी गावात बैठक घेऊन घरटी दरमहा दीडशे रुपये वर्गणी ठरवली आणि गावातीलच बी.एस्सी. झालेल्या एका तरुणाला गणित शिकवण्याची विनंती केली. त्याने पहिला महिनाभर नववीचे पुस्तक उघडलेच नाही. पाढे, अपूर्णांक आणि भागाकार यांवरच तो काम करत राहिला. तेव्हा काही पालक नाराज झाले, मीही झालो होतो. जानेवारीनंतर मात्र मुलगी रात्री स्वतःहून भूमितीची वही घेऊन बसू लागली, तेव्हा त्या महिन्याचा अर्थ मला कळला. दहावीचे वर्ष सरता सरता शाळेला नवीन शिक्षणसेवक मिळाले. ते उत्तम शिकवतात, असे धाकट्या मुलाच्या वहीवरून दिसते. माझ्या मुलीच्या तुकडीला त्यांचा उपयोग झाला नाही, ही खंत आहे.

आपल्याला माझे एवढेच सांगणे आहे की निकालाचा फलक पाहू नका. शाळेत जाऊन नववीचे वेळापत्रक मागा आणि गणित, विज्ञान व इंग्रजी यांच्यासमोर कोणाचे नाव आहे आणि त्या व्यक्तीने हाच विषय घेऊन पदवी मिळवली आहे का, हे विचारा.

माजी विद्यार्थी, बीड जिल्हा

मी २०१४ साली दहावी झालो. माझे आई-वडील दरवर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जात, कधी कोल्हापूरकडे तर कधी कर्नाटकात. आठवीपर्यंत मी गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवलो आणि आजीजवळ झोपलो. नववीत ती सोय संपली. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती, ती फेडण्यासाठी आणखी दोन हात हवे होते आणि माझे हात त्या कामापुरते मोठे झाले होते. मीही जाण्यास तयार होतो, कारण घरात एकटे राहण्यापेक्षा फडावर आईजवळ राहणे मला बरे वाटत होते.

आमचे वर्गशिक्षक एका संध्याकाळी घरी आले. त्यांनी वडिलांना शिक्षणाचे महत्त्व वगैरे काहीही सांगितले नाही. उचल किती आहे, किती हंगामांत फिटेल, मी गेल्याने नेमकी किती लवकर फिटेल, असा हिशेब त्यांनी वडिलांबरोबर बसून कागदावर मांडला. फरक थोडा होता. त्यानंतर आम्ही पाच मुले दोन हंगाम शाळेच्याच एका खोलीत अभ्यास करून तिथेच झोपत होतो. शिपाई मामा रात्री आमच्या सोबतीला थांबत आणि जेवण प्रत्येकाच्या घरून, म्हणजे कोणाच्या आजीकडून तर कोणाच्या चुलतीकडून, येत असे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये झाली तेव्हाही आई-वडील फडावरच होते.

परीक्षेबद्दलही खरे लिहितो, कारण मराठवाड्यातील शाळांविषयी लिहिताना हे टाळता येत नाही. आमच्या केंद्रावर पहिल्या दोन पेपरांना खिडकीतून चिठ्ठ्या येत होत्या. आमच्या सरांनी वर्षभर आमच्याकडून कोरा कागद समोर ठेवून उत्तरे लिहून घेतली होती, त्यामुळे चिठ्ठीतले उत्तर चूक आहे हे आम्हाला ओळखता येत होते. मला ७१ टक्के मिळाले. पुढे आयटीआय केले आणि आज मी कारखान्यात वीजतंत्री आहे.

माझ्या वर्गातील तीन मुलींची मात्र दहावीच्या आधीच लग्ने झाली. वयात आलेली मुलगी मागे एकटी ठेवायची कोणाच्या भरवशावर, हा त्यांच्या आई-वडिलांचा प्रश्न होता आणि आम्हा मुलांना मिळाली तशी शाळेतली खोली मुलींसाठी नव्हती. शाळा चांगली होती असे मी आजही म्हणतो, पण ती त्यांना पुरी पडली नाही, हेही मला लिहिले पाहिजे.

विद्यार्थिनी, इयत्ता दहावी, लातूर जिल्हा

मी स्वतः सध्या शिकत आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. आमच्या प्रशालेत सेमी इंग्रजीचा वर्ग आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आहे. सुरुवातीला मला खूप भीती वाटली, परंतु आमच्या विज्ञानाच्या मॅडम आधी मराठीतून समजावतात आणि मग इंग्रजी शब्द फळ्यावर लिहितात. आठवीत शाळेने एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी सकाळी एक तास जास्त घेतला आणि मी उत्तीर्ण झाले. ती शिष्यवृत्ती वर्षाला १२,००० रुपये आहे आणि बारावीपर्यंत मिळते. नववीची पुस्तके व वह्या मी त्यातूनच घेतल्या. ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी असते. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत गेलेल्या माझ्या मैत्रिणीला ती देता आली नाही.

उणीव सांगायची तर प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असते. साहित्य फुटले तर भरून कोण देणार, अशी भीती शिक्षकांना वाटते असे मला वाटते. आम्ही प्रयोगवही पूर्ण लिहिली आहे, पण त्यातील बरेच प्रयोग डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. ते पाहायला मिळावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आई, परभणी जिल्हा

आमची वस्ती प्रशालेपासून सात किलोमीटर आहे. मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची निळी बस सुरू झाली म्हणून माझी मुलगी आणि तिच्या बरोबरच्या मुली शिकू शकल्या. बस नसती तर सातवीनंतर त्या घरीच राहिल्या असत्या, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते. परंतु पावसाळ्यात रस्ता खचला की बस फाट्यापर्यंतच येते आणि सुटीच्या काळात वेळापत्रक बदलले की कोणी कळवत नाही. स्वच्छतागृह बांधलेले होते, पण उन्हाळ्यात त्यात पाणी नसे. त्यामुळे मुली दिवसभर पाणीच पीत नसत आणि महिन्यातून तीन-चार दिवस घरी राहत. आम्ही तिघी जणी शाळा व्यवस्थापन समितीत गेलो आणि टाकी भरण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीकडून लेखी घेतली. आता पाणी असते. आपण शाळा पाहायला जाल तेव्हा एप्रिल महिन्यात दुपारी जावे आणि नळ सोडून पाहावा.

पालक, नांदेड जिल्हा

मी मुलाला प्रशालेतून काढले, त्यामुळे माझाही अनुभव इथे असावा. इंग्रजीचे शिक्षक वर्षभर निवडणूक याद्या, ऑनलाइन माहिती भरणे आणि प्रशिक्षणे यांतच होते. मुलगा नववीत इंग्रजीत एक सरळ वाक्य लिहू शकत नव्हता. शहरात खोली केली, पत्नी त्याच्याबरोबर राहिली, मी गावात एकटा शेती पाहत राहिलो. दोन वर्षांत खोलीभाडे, शिकवणी आणि दोन चुली यांसाठी एक एकर गहाण ठेवावे लागले. त्याचे इंग्रजी सुधारले हे खरे आहे. तो त्या दोन वर्षांत फार अबोल झाला, हेही खरे आहे. पुन्हा वेळ आली तर काय करीन, याचे उत्तर माझ्याजवळ तयार नाही.

निवृत्त शिक्षक, धाराशिव जिल्हा

मी १९८८ ते २०१९ या काळात जिल्हा परिषदेच्या प्रशालांत विज्ञान शिकवले. वरील पालकांनी कमी पटाच्या शाळा पाहिल्या असतील, म्हणून त्यामागचे यंत्र कसे चालते ते सांगणे मला आवश्यक वाटते. शिक्षकांची पदे पटावर ठरतात, त्याला संच मान्यता म्हणतात. गावातील दहा सधन घरांनी मुले काढली की पट घटतो, पट घटला की एक पद कमी होते, ते पद बहुधा विषयशिक्षकाचे असते आणि तो गेला की आणखी वीस घरे मुले काढतात. उरतात ती अशी घरे की ज्यांची तक्रार करायला जालना किंवा परभणी गाठण्याची ऐपत नसते. शाळा एका वर्षात बिघडत नाही. ती अशी पाच-सहा वर्षांत रिकामी होत जाते आणि मग लोक म्हणतात की तिथे कोणी जातच नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्या शाळेची दगडी इमारत राहण्याजोगी उरली नाही. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये आणि लिंबाखाली भरले. त्या वर्षी मुले बाकावर नव्हे तर खताच्या पोत्यांवर बसून शिकली आणि घरात मृत्यू झालेली मुलेसुद्धा पंधरा-वीस दिवसांत वर्गात येऊन बसू लागली, कारण गावात नियमाने घडणारी गोष्ट तेवढीच उरली होती. त्या काळात आमच्याकडे इमारत नव्हती, परंतु प्रत्येक विषयाला शिक्षक होता. निवृत्त झालो तेव्हा शाळेत संगणक, फिल्टरचे पाणी आणि रंगवलेल्या भिंती होत्या, मात्र शिक्षकांची दोन पदे रिक्त होती. मला निवड करायची असती तर मी कोणते वर्ष निवडले असते, हे आपण ओळखाल.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. जालन्याच्या पालकांनी सांगितल्याप्रमाणे मी शनिवारी सकाळच्या शाळेत जाऊन नववीचे वेळापत्रक पाहिले. गणिताला आणि इंग्रजीला त्या-त्या विषयाचे शिक्षक आहेत. विज्ञानाची जागा दिवाळीपासून रिकामी आहे आणि तो तास सध्या भूगोलाचे सर घेतात. नळाला पाणी होते. मुलीला विचारले तेव्हा तिने सांगितले की तिला इथेच राहायचे आहे, पण विज्ञान कोण शिकवणार ते आधी सांगा.

तिला इथेच ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे. निवृत्त गुरुजींनी पटाचे जे लिहिले, ते माझ्या यजमानांनी दोनदा वाचून घेतले. बुधवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे आणि विज्ञानाच्या रिक्त पदासाठीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यावर चाळीस पालकांच्या सह्या झाल्या आहेत. जालन्याच्या पालकांना एक विनंती आहे. आपण जिल्हा परिषदेत अर्ज दिला तेव्हा आवक क्रमांक मिळाला होता का, आणि वर्गणीतून नेमलेल्या तरुणासाठी मुख्याध्यापकांची परवानगी कशी घेतली होती, ते बुधवारच्या आत कळवावे.