सात रंगांचा पांढरा होतच नाही! तिसरीच्या वर्गाला काय सांगू?

तिसरीच्या_बाई:
परळला तिसरीला शिकवते, पट ३८. परवा प्रकाश आणि रंग घेतला. 'तानापिहिनिपाजा' पोरांना चालीवर पाठ आहे. मी ऐटीत सांगून बसले, हे सातही रंग एकत्र आले की पांढरा होतो. झालं! मधल्या सुट्टीनंतर पाहते तर शेवटच्या बाकावर बाटलीच्या झाकणात सातही वॉटरकलर कालवलेले. "बाई, पांढरा कुठाय?" झाकणात नाल्याचं पाणी.

मग पुठ्ठ्याची तबकडी केली, सात पाकळ्या रंगवल्या, दोरा ओवून गरगर फिरवली. तीही राखाडी. एक जण म्हणतो, "न्यूटनकडे भारीतले रंग असतील." हसले खरी, पण उत्तर सुचलं नाही.

पाण्याच्या परातीत आरसा ठेवून इंद्रधनुष्य पाडावं, तर जुलैत ऊन आणू कुठून? शाळेत लोलक नाही. काय करू?

जुना_मास्तर:
बाई, पोरं बरोबर आहेत. तुमच्या वाक्यात एक शब्द राहिला: सात रंगांचा *प्रकाश*. वॉटरकलर उजेड देत नाही, खातो. लाल रंग म्हणजे बाकीचं खाऊन लाल तेवढं परत पाठवणारा. असे सात जण एकाच ताटावर बसवलेत, उरणार काय?

तबकडीवर रंग कालवले जात नाहीत, ते डोळ्यात मिसळतात. पण प्रत्येक पाकळी आपला वाटा खातेच, म्हणून पांढऱ्या कागदाइतका उजेड परत येत नाही. ट्यूबलाइटखाली, मागे काळं कापड लावून फिरवा, बरीच उजळ दिसेल.

आणि न्यूटनने १६६६ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून ऊन घेतलं होतं. लोलकाने पट्टा पाडला, भिंगाने तो पुन्हा गोळा केला, तेव्हा पांढरा मिळाला. रंगाची डबी त्यात कुठेच नव्हती.

स्पॉटवाला:
मी नाटकांचे लाइट्स करतो. बाई, लोलक-बिलक सोडा. तीन बॅटऱ्या घ्या आणि लाल, हिरवा, निळा जिलेटिन पेपर. अब्दुल रेहमान स्ट्रीटला मिळेल, नाहीतर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे. लालचे दोन पदर लावा, एकाने फिका पडतो. खिडक्यांना चादरी लावून तिन्ही झोत पांढऱ्या भिंतीवर एकावर एक टाका. आधी फक्त लाल आणि हिरवा. पिवळा होतो! इथे पोरं ओरडणार. मग निळा. तो अंगचाच मंद, म्हणून ती बॅटरी भिंतीजवळ धरा. दुधासारखा शुभ्र नाही यायचा, पण चिखल नक्की नाही.

खरी गंमत पुढे. झोतात हात धरायला सांगा. निळा अडला तिथे पिवळी सावली, लाल अडला तिथे आकाशी, हिरवा अडला तिथे राणी कलर. तालमीला नवीन पोरगा आला की मी हेच दाखवतो.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
मोबाइलवर पांढरा फोटो उघडा आणि वर पाण्याचा अगदी बारीक थेंब सोडा. थेंब भिंगाचं काम करतो, पांढऱ्यात लाल-हिरवे-निळे ठिपके दिसतात. पोरांच्या हातात फोन देऊ नका मात्र, अनुभवाने सांगतोय.

तिसरीच्या_बाई:
आज केलं! बॅटऱ्या तीन घरांतून जमवल्या. राणी कलरच्या सावलीला मुली हात सोडायलाच तयार नव्हत्या. एकीने मात्र पकडलं: "सात होते ना, मग तीनच कसे पुरले?"

जुना_मास्तर:
भले! तिला सांगा, डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. त्या तिन्ही सारख्या जाग्या झाल्या की मेंदू म्हणतो पांढरा. सात आलेत की तीन, ते तो मोजत बसत नाही.

तिसरीच्या_बाई:
सांगते. झाकणवाल्याचं मात्र अजून राहिलंय. जाता जाता विचारून गेला, "बाई, काळ्या उजेडाची बॅटरी कुठे मिळते?"