आमच्या घरातले मिलिटरीवाले : तुमच्याही आठवणी लिहा

नात, कोरेगाव

आबा जाऊन परवा महिना झाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीत १७ वर्षं काढून ते पेन्शनीवर आले आणि मग मरेपर्यंत घराचेच झाले. तेराव्यानंतर माजघरातली काळी ट्रंक उघडली. पदकं, बिगुलाचा बिल्ला, घडी करून ठेवलेली जर्सी तळाशी होती. सगळ्यात वर एक फाइल, तिच्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात ‘माझ्यामागं आधी हे उघडा’. आत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आजीबरोबरचा जोड फोटो आणि शेवटच्या कागदावर आजीच्या गोळ्यांच्या वेळा.

साताऱ्या-सांगलीकडं घराघरांत असा एक तरी माणूस असतो. तुमच्याकडच्यांबद्दल लिहा. लढाईचंच पाहिजे असं नाही, घरातलं लिहा.

मुलगा, विटा

लहानपणी माझ्या लेखी वडील म्हणजे ‘मार्फत ५६ एपीओ’, फौजेच्या टपालाचा पत्ता. ते गावच समजून मी शाळेतल्या नकाशात शोधायचो. एकदा ते सुट्टीवर आले तेव्हा मी आत ओरडत गेलो, “आई, पाव्हणं आल्यात.” आई हसली. ते हसले नाहीत.

कायमचे घरी आले तेव्हा मी नववीत होतो. आमचं बोलणं जमायचं नाही. पण सकाळी उठून बघावं तर माझ्या सायकलीत हवा भरलेली, चेन पुसून तेल घातलेलं. मी नोकरीला लागेपर्यंत एक दिवस खाडा नाही. त्यावर आम्ही दोघंही कधी काही बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

सून, अपशिंगे मिलिटरी

आमच्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जण पडले. मामंजींचे वडीलही फौजेतलेच.

मी नवी नवरी असताना मामंजी पहाटे चारला उठून बंब पेटवायचे. तळाला करवंटी, तिच्यावर शेणी, मग काटक्या. एका काडीत पेटायचा. सासऱ्यानं तापवलेल्या पाण्यानं अंघोळ करायची मला लाज वाटायची. एकदा बोलले तर म्हणाले, “लंगरात शंभर माणसांचं पाणी तापवलंय पोरी, घरच्या सात जणांचं काय घेऊन बसलीस?” आता बंब मी पेटवते. मला तीन काड्या लागतात.

मुलगी, तासगाव

दादा पहिल्या मराठा पलटणीत, जंगी पलटणीत होते. १९७१ च्या लढाईत तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला. १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून निसटायला बघणारी पाकिस्तानी फौज त्यांच्या पलटणीनं रस्त्यातच अडवली. एवढंच सांगितलं त्यांनी, तेही मी फार मागं लागले म्हणून.

पण दरवर्षी ती रात्र ते अंगणात बाजेवर बसून काढायचे. आई घोंगडं नेऊन द्यायची आणि काही न विचारता आत यायची. गेल्या डिसेंबरात दादा नव्हते. आईनं बाज बाहेर काढली, घोंगडं टाकलं, आणि उजाडल्यावर स्वतःच आत आणलं.

नातू, जत

ताई, तुमच्या आबांनी फाइल लावून ठेवली, फार मोठं काम केलं. आमच्या आजोबांच्या कागदांत आजीचं माहेरचं नाव राहिलं होतं, आधार कार्डावर सासरचं. कौटुंबिक पेन्शन सुरू व्हायला ११ महिने गेले. एका कार्यालयातून दुसऱ्या, तिथून परत पहिल्या, आणि पंच्याहत्तरीची आजी प्रत्येक वेळी एसटीनं सोबत. ज्यांचे आजोबा आहेत त्यांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हाच पीपीओवरचं आजीचं नाव आणि जन्मतारीख ताडून बघा. चुकलं असेल तर दुरुस्ती त्यांच्या हयातीत करून घ्या.

नात, कोरेगाव

रात्री आजीला सगळं वाचून दाखवलं. सायकलीचं ऐकताना तिनं हातानं थांबवलं. म्हणाली, “तुझ्या बापाचा शाळेचा शर्ट हेच इस्त्री करायचे. तांब्यात निखारे घालून.”

बाबा शेजारीच बसले होते. त्यांना आजवर वाटत होतं, आजी करायची.