गोळी बंद करू नका, शवासन मात्र कराच

एकांनी लिहिलंय की कपालभाती सुरू केली आणि बीपीची गोळी सोडली. अहो, असं नका करू! बीपी वाढलेलं असताना जोरकस कपालभाती, श्वास रोखणं, शीर्षासन टाळायचंच असतं.

उपेक्षित राहतं ते शवासन. मुंबईचे डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर त्याचाच अभ्यास करून १९६९ साली प्रसिद्ध केला होता. माझी आई रोज संध्याकाळी सतरंजीवर वीस मिनिटं पडते. पहिले आठ दिवस चक्क घोरायची! आता नाकपुडीतल्या गार-गरम श्वासाकडे लक्ष ठेवते. चार महिन्यांत वरचा आकडा १५० वरून १३६ च्या आसपास आला, गोळी चालू ठेवूनच. लोणचं-पापडही सुटलंय, त्याचाही वाटा असणार.

आणि हो, जिना चढून आल्याआल्या बीपी मोजायला दंडाला पट्टा गुंडाळू नका. आधी पाच मिनिटं शांत बसा.