स्टेनलेस सळ्यांचा खांब: वाहनाच्या धडकेत किती फरक पडतो?

प्रश्न: पुलाच्या खांबात साध्या सळ्यांऐवजी त्याच व्यासाच्या डुप्लेक्स २२०५ (स्टेनलेसचा एक जास्त ताकदीचा प्रकार) सळ्या घेतल्या. एलएस-डायनात (धडकेचं गणित करणारं सॉफ्टवेअर) धडकेचं कमाल बल जवळपास तेवढंच येतं. मॉडेल चुकलंय का?

उत्तर १: नाही, तसंच यायला हवं. पहिल्या काही मिलिसेकंदांतलं शिखर काँक्रीटचं जडत्व आणि धडकेच्या जागेचा कडकपणा ठरवतात. उभ्या सळ्यांना ताण पोचायच्या आतच ते येऊन जातं. फरक पाहायचा तर कमाल विस्थापन, उरलेला वाक आणि सळीतला विकार (स्ट्रेन) बघा. स्टेनलेसला ठळक यील्ड पॉइंट नसतो, म्हणून ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस (०.२ टक्के कायमचा विकार उरवणारा ताण) धरतात. पुढे स्ट्रेन हार्डनिंग (ताणत जाताना वाढणारी ताकद) भरपूर. मटेरियल २४ (एलएस-डायनातलं धातूचं मॉडेल) मध्ये द्विरेषीय, म्हणजे दोनच सरळ रेषांचा, वक्र टाकलात तर हे सगळं हरवतं. बहुबिंदू वक्र द्या, तोही खऱ्या ताण-विकाराचा.

उत्तर २: कूपर-सायमंड्सचे (वेगाने ताणल्यावर पोलादाची ताकद किती वाढते याचं सूत्र) आकडेही तपासा. सौम्य पोलादाचे सी=४०, पी=५ सगळे डोळे झाकून चिकटवतात. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेससाठी सहसा १०० आणि १० वापरतात. डुप्लेक्सला यातलं काहीच आंधळेपणाने लावू नका, चाचणीचे आकडे शोधा.

प्रश्नकर्ता: खांब तळाशी तिरका चिरतोय.

उत्तर १: मग ती कातर (शिअर) आहे. उभ्या सळ्या कितीही भारी घाला, तिथे फार उपयोग नाही. धडकेच्या उंचीपासून पायथ्यापर्यंत रिंगांचं (उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या आडव्या सळ्यांचं) अंतर कमी करा, हुक १३५ अंशांत गाभ्यात वळवा. आणि स्टेनलेस थोडंच परवडत असेल तर ते आधी रिंगांना द्या: कव्हर (सळीबाहेरचा काँक्रीटचा थर) त्यांच्यावरच सर्वांत कमी, गंजही तिथूनच सुरू होतो.