मदत हवी आहे : सासऱ्यांच्या पॅन्टला उभे असताना मागे झोळ येतो आणि मांडी घातली की कंबर खाली सरकते

नमस्कार. मी गंगाखेडला राहते. गेली बारा वर्षे घरी ब्लाउज, परकर आणि सलवार-कुर्ते शिवते, पण पुरुषांची पॅन्ट यंदा प्रथमच हाती घेतली आहे आणि तिसऱ्या प्रयत्नानंतरही ती नीट बसलेली नाही. पॅन्ट शिवणाऱ्या अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. दीड वर्षापूर्वीच्या आजारपणात त्यांचे वजन बरेच उतरले. पोट तसेच राहिले, मांड्या आणि मागचा भाग मात्र पार ओसरला, आणि पाठीला थोडा बाक आला. त्यांच्या पॅन्टी ज्या मास्टरांकडे तीस वर्षे शिवल्या जात, त्यांचे दुकान आता बंद झाले आहे. तयार पॅन्टीत कंबर बसली तर सीट आणि मांडी पोत्यासारखी होते, आणि मांडी बसली तर पोटावर हूक लागत नाही. म्हणून मी शिवायला घेतली.

मापे अशी आहेत. बेंबीवर पोट ३९ इंच, पोटाखाली जिथे ते पट्टा बांधतात तिथे ३६, सीट ३७, मांडी २०, आणि बाजूने उंची ३९ इंच. त्यांच्या जुन्या पॅन्टची सीट ४१ आहे. त्या पॅन्टवरून मी कागदी नमुना काढला आणि सगळीकडे सारखेच कमी करत आणले. आसनाचे, म्हणजे कमरेपासून दोन्ही पाय जिथे जुळतात तिथपर्यंतच्या खोलीचे, माप मला स्वतः घेता येत नाही, हे समजून घ्यावे. सुनेने सासऱ्यांच्या आसनाला टेप लावणे आमच्याकडे शक्य नाही आणि मलाही ते जमणार नाही. यजमानांनी अण्णांना पलंगावर बसवून, कमरेपासून गादीपर्यंत बाजूने टेप धरून ते साडेनऊ इंच असल्याचे सांगितले, तेच मी धरले. पॅन्ट अंगावर पाहतानाही मी दारात उभी राहून पाहते आणि टाचण्या यजमान लावतात.

पहिली पॅन्ट टेरिकॉटची, ५८ इंच पन्ह्याच्या सव्वा मीटर कापडातली. अण्णा उभे राहिले की सीटच्या खाली, मांडीच्या मागच्या बाजूला कापडाचा झोळ लोंबत असे, आणि आसनात ओढते अशी त्यांची तक्रार होती. मी मागची मधली शिवण कमरेपासून आसनापर्यंत एक इंच आत घेतली, आणि ओढते म्हणजे खाली जागा कमी पडते असे समजून आसनाची गोलाई पाऊण इंच खाली कोरली. पुढे गरज पडली तर असावी म्हणून माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, मात्र सगळीकडे एक इंच ठेवली, गोलाईतसुद्धा.

उभे राहिल्यावर झोळ गेला. मला समाधान वाटले. पण गेल्या एकादशीला संत जनाबाईंच्या मंदिरात कीर्तनाला ती पॅन्ट घालून गेले, तेव्हा अण्णांना मांडी घालता येईना. गुडघे फाकले की आसन ताणून धरे, मागची कंबर चांगली अडीच इंच खाली उतरे आणि खोचलेला सदरा बाहेर येई. ज्यांनी आयुष्यभर पहिल्या रांगेत सतरंजीवर बसून कीर्तन ऐकले, ते त्या दिवशी मागे भिंतीपाशी खुर्चीवर बसले. घरी आल्यावर मला काही बोलले नाहीत. पॅन्टची घडी घालून त्यांनी ती माझ्या मशिनवर ठेवली, एवढेच. तेव्हापासून मला चैन नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. उभे असताना झोळ न येणे आणि बसण्याची मोकळीक या दोन्ही गोष्टी एकाच पॅन्टमध्ये साधतात का? पायजम्याला घालतात तशी मियानी, म्हणजे दोन्ही पायांच्या मधला जोडतुकडा, आसनात घातली तर उपयोग होईल का? पायजम्यात अण्णा तासन्‌तास मांडी घालून बसतात, पण नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाताना त्यांना पॅन्टच लागते. आणि शिवलेली पॅन्ट वाचवता येईल का, की कापड वाया गेले असे समजावे?

प्रतिसाद

ताई, आपण मापे आणि केलेल्या दुरुस्त्या क्रमाने लिहिल्या, त्यामुळे दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी दिसते. मी छत्रपती संभाजीनगरात पुष्कळ वर्षे फक्त पॅन्टी शिवल्या, त्या अनुभवावरून सांगतो.

आसन खाली कोरले की जागा वाढते, हा समज ब्लाउज शिवणाऱ्या हातांना सहज होतो, पण खरे तर आपण ब्लाउजवरूनच याचे उत्तर काढू शकाल. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, खूप खोल कापला तर हात वर करताना सगळा ब्लाउज वर ओढला जातो, आणि मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात मोकळा फिरतो. आसनाचेही तसेच आहे. शिवण अंगापासून जितकी खाली, तितक्या दोन्ही मांड्या एकमेकींना बांधल्या जातात, कारण पाय फाकताना ती खालची शिवणच आधी ताणली जाते. पायजमा याला अपवाद वाटतो, कारण त्याच्या मांडीत भरपूर घेर असतो आणि शिवाय मियानी असते. वीस इंची मांडीच्या पॅन्टमध्ये तेवढा घेर आपण देऊ शकत नाही. म्हणून आपली पाऊण इंचाची कोर हीच मांडी न घालता येण्याचे मोठे कारण आहे.

दुसरे, गोलाईतली एक इंच माया. तिथे कापड वळणावर असते, त्यामुळे ती माया आडवी दबत नाही, आत उभी राहते आणि पॅन्टला खाली ढकलते. त्यांना पहिल्यापासून ओढत होते ते बहुधा यामुळेच. गोलाईच्या तळाशी दुहेरी टीप मारून माया पाव इंचावर कापावी. मागच्या मधल्या शिवणीत वरच्या बाजूला, कमरेपाशी, इंच-सव्वा इंच माया जरूर ठेवावी, कारण वजन पुन्हा वाढले तर तीच उपयोगी पडते.

तिसरे, माप. गादीवर बसले की माणूस रुततो आणि गादी बाजूने वर येते, म्हणून आसन कमी भरते. लाकडी बाकावर किंवा स्टुलावर ताठ बसवून पुन्हा मोजायला सांगा. त्याबरोबर एक आणखी माप घ्यायला लावा. पुढच्या कमरेपासून दोन्ही पायांमधून मागच्या कमरेपर्यंतची पूर्ण लांबी अण्णांना स्वतःच टेप धरून घेता येईल, यजमानांनी फक्त आकडा वाचावा. ही लांबी नमुन्याच्या पुढच्या आणि मागच्या गोलाईच्या बेरजेशी ताडून पाहा. आपण मागची मधली शिवण आत घेतली तेव्हा रुंदी कमी केली, पण बसताना लागते ती लांबी. पाठीला बाक असलेल्या माणसाला मागे ती नेहमीपेक्षा जास्तच लागते.

आता झोळाविषयी. मागचा भाग ओसरलेल्या माणसाचा झोळ पुष्कळजण वरून काढतात, म्हणजे मागची उंची कमी करतात. जो खुर्चीवर बसतो त्याला ते चालून जाते. जो जमिनीवर बसतो त्याला चालत नाही. अण्णांसाठी मागची उंची कमरेपाशी एक इंचाने वाढवा, बाजूच्या शिवणीपर्यंत ती उतरती करत शून्यावर आणा, आणि झोळाचे कापड सीटच्या खालून गुडघ्यापर्यंत काढा. फक्त मागच्या भागावर, आतल्या आणि बाहेरच्या शिवणीत अर्धा-अर्धा इंच. पुढच्या भागाला हात लावू नका. एवढे करूनही उभे असताना मागे एखादी हलकी सुरकुती राहील. ती राहू द्या, कारण बसताना लागणारे कापड उभ्याने कुठेतरी दिसणारच.

पुढे, पट्टा पोटाखाली बांधतात असे आपण लिहिले आहे. मग पुढची कंबर मध्यावर अर्धा इंच खाली उतरवा, म्हणजे पट्टी पोटाखाली दुमडणार नाही. मागच्या पट्टीत दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच इलॅस्टिक घाला. सदरा बाहेर सोडला तर ते कोणाला दिसतही नाही.

मियानी मी तूर्त घालणार नाही. आसन नीट झाले की तिची गरज बहुधा पडत नाही. पडलीच, तर ती शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

जुनी पॅन्ट वाचेल. कमरेची पट्टी उसवा, मधली शिवण मोकळी करा, पॅन्ट पाऊण इंच वर उचलून पुढून तेवढे कापड कापून टाका. मागे उंची कमी पडेल, तिथे उरलेल्या तुकड्यातून जीन्सला मागे कमरेखाली असते तशी जोडपट्टी, म्हणजे योक, जोडा. नवी पॅन्ट कापण्याआधी मात्र मांजरपाटाची एक कच्ची पॅन्ट शिवून पाहा, आणि सीटच्या पातळीवर रंगीत दोऱ्याने चौफेर आडवा धावदोरा घाला. आपल्याला जवळ जाता येत नाही, तेव्हा यजमानांनी मागून आणि बाजूने उभ्याचे व बसल्याचे फोटो काढावेत. तो दोरा जिथे आडवा न राहता खाली-वर जाईल, तिथे दोष आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काका, मनापासून आभार. आपण मुंढ्याचे उदाहरण दिले आणि माझ्या डोक्यातला गुंता एकदम सुटला.

लाकडी स्टुलावर आसन पावणेअकरा इंच भरले. म्हणजे सव्वा इंच मी सुरुवातीलाच कमी धरला होता आणि नंतर तो चुकीच्या जागी, खाली कोरून भरून काढायला गेले. पूर्ण लांबी अण्णांनी स्वतः टेप धरून दिली, आणि नमुन्यात ती पावणेदोन इंच कमी निघाली.

मांजरपाट रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापले. कोरे कापड बरेच आटते, या वेळी मीटरमागे साडेतीन सेंटिमीटर आटले. सांगितल्याप्रमाणे मागची उंची वाढवली, आतली-बाहेरची शिवण घेतली आणि गोलाईतली माया पाव इंचावर कापली. काल संध्याकाळी अण्णांनी ती पांढरी कच्ची पॅन्ट घातली, ओसरीवर मांडी घातली आणि तसेच बसून सगळा हरिपाठ म्हटला. उठले तेव्हा यजमानांनी मोजले. मागची कंबर अर्धा इंचच उतरली होती.

फोटोत एक गोष्ट मात्र नवी दिसली. उजव्या बाजूला तांबडा दोरा सरळ आहे. डाव्या बाजूला तो बाजूच्या शिवणीकडे जवळजवळ अर्धा इंच खाली गेला आहे, आणि त्याखाली एक तिरपी घडी पडते, जी उजवीकडे अजिबात नाही. आजारपणानंतर ते उजव्या पायावर जास्त भार देतात. डावी बाजू वेगळी कापावी का, आणि कापायची तर कुठे?

प्रतिसाद

ताई, अर्धा इंच उतरणे म्हणजे पॅन्ट बसली असे समजा. डावा कुल्हा खाली आहे, म्हणून त्या बाजूचे कापड लोंबते आणि घडी पडते. खाली पायाकडे काही करू नका. डाव्या बाजूच्या शिवणीवर कमरेपाशी अर्धा इंच कापड कमी करा आणि पुढे व मागे मध्यापर्यंत ते शून्यावर आणा, म्हणजे ती बाजू वर उचलली जाईल आणि दोरा सरळ येईल. मांजरपाटावर आधी टाचणीने करून फोटो पाहा. डाव्या पायाची उंची त्यानंतर पुन्हा मोजा, कारण वरून उचललेला अर्धा इंच मोहरीत, म्हणजे पायाच्या खालच्या काठाशी, कमी पडेल आणि तो खाली वाढवून ठेवावा लागेल.

टेरिकॉट कापताना घडीत दुहेरी कापू नका, चारही भाग वेगवेगळे कापा. आणि कात्री चालवण्याआधी प्रत्येक भागाच्या उलट्या बाजूला खडूने डावा, उजवा, पुढचा, मागचा असे लिहा. टेरिकॉटची सुलटी आणि उलटी बाजू संध्याकाळच्या उजेडात सारखीच दिसते.