मदत हवी आहे: राउटर अपडेट करताना लाइट गेली

नमस्कार मंडळी, घरचा राउटर २०१६चा. २०१७ साली डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीतली 'क्रॅक' ही त्रुटी उघड झाली, तिचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मी कधी टाकलाच नव्हता. काल म्हटलं, एकदाचं उरकून टाकू. फर्मवेअरची (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) फाइल चढवली, पट्टी ६० टक्क्यांवर आली आणि लाइट गेली! (राउटर इन्व्हर्टरवर नाही, ही माझीच अक्कल.) आता पॉवरचा दिवा नुसता लुकलुकतोय, १९२.१६८.१.१ हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडत नाही. रीसेटच्या भोकात टाचणी घालून ३० सेकंद दाबून झालं. पण चालू केल्या केल्या पिंगला (लॅपटॉपवरून राउटरला मारलेल्या हाकेला) दोन-तीन उत्तरं येतात, म्हणजे बूटलोडर (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) जिवंत असावा. टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) फर्मवेअर परत चढवता येईल का? त्यासाठी लॅपटॉपला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कोणता देऊ? सध्या शेजारच्या काकूंच्या वायफायवर दिवस काढतोय.